चार आणि आठ वर्षांची भावंडं : घरातला पहिला कन्सोल कुठला घ्यावा?

शर्वरी_क (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज इथे मांडते आहे. घरात दोन मुलं, मुलगा आठ वर्षांचा आणि मुलीला नुकतंच चौथं पूर्ण झालंय. आम्ही दोघं आणि सासूबाई. टीव्ही एकच, हॉलमध्ये. मुलगा माझ्या फोनवर गेम खेळतो. खेळताना मान खाली, पाठीला बाक, दोनदा हाक मारली तरी ऐकू जात नाही. धाकटी त्याच्या खांद्यावरून डोकावत बसते, तिच्या वाट्याला काही येत नाही, मग रडारड. म्हणून आम्ही ठरवलं की फोनवरचे गेम बंद करायचे आणि टीव्हीला जोडायचा एक कन्सोल आणायचा. खेळतील ते निदान सगळ्यांसमोर खेळतील.

इथवर घरात एकमत आहे. पुढे घोडं अडलंय. मुलाला प्लेस्टेशन हवंय, कारण मित्राकडे तेच आहे. नवरा एक्सबॉक्सच्या बाजूने. भाऊ म्हणतो निन्टेन्डो स्विचशिवाय दुसऱ्या कशाकडे बघूच नका. मी स्वतः कधीच व्हिडिओ गेम खेळलेले नाहीत, त्यामुळे या तीन खोक्यांत नेमका फरक काय तेच मला कळत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

जुना_खेळाडू

शर्वरीताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य धाकटीला वाटा मिळत नाही हे आहे. तिथूनच सुरुवात करा. ग्राफिक्स, प्रोसेसर, कुठला जास्त ताकदवान, हे मोठ्यांचे वाद झाले. लहान मुलांच्या घरात आधी एवढंच विचारायचं: एका खोलीत, एका टीव्हीसमोर, एकाच वेळी कोण कोण खेळणार आहे?

तुमच्याकडे उत्तर आहे चार वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि कधी खेळ हातात न घेतलेली आई. या तिघांना एकत्र खेळता येतील असे सर्वांत जास्त गेम स्विचवर आहेत. स्विच मार्च २०१७ मध्ये आला. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये ठेवला की चित्र टीव्हीवर येतं, उचलला की हातात घेऊन खेळता येतो. दोन्ही बाजूंना जे जॉय-कॉन लावलेले असतात ते सुटे होतात, आणि प्रत्येक जॉय-कॉन आडवा धरला की एक स्वतंत्र कंट्रोलर होतो. म्हणजे खोक्यातूनच दोन खेळाडूंची सोय. एका जॉय-कॉनचं वजन साधारण ५० ग्रॅम. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर साधारण २८० ग्रॅमचा आहे. चार वर्षांच्या मुलीच्या हातात दोन्ही देऊन बघा, तिची बोटं कुठे पोचतात आणि कुठे नाही ते लगेच दिसेल.

आता एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. मारिओ कार्ट ८ डीलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. त्यात स्मार्ट स्टीअरिंग नावाची सोय आहे. ती चालू असली की गाडी रस्त्याबाहेर जात नाही, कठड्यावरून पडत नाही, आपोआप वळवून घेतली जाते. सोबत ऑटो-ॲक्सिलरेट चालू केलं की बटण दाबून धरायचीही गरज नाही. सोय चालू असल्याची खूण म्हणून गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते. आणि हे प्रत्येक खेळाडूला वेगळं ठेवता येतं, म्हणजे धाकटीला चालू, थोरल्याला बंद, शर्यत मात्र एकच. थोरला स्वतःहूनच बंद करेल, कारण ती चालू असताना गवतातून जाणारे काही आडरस्ते घेता येत नाहीत. दोघांनाही वाटतं आपण बरोबरीने खेळतोय, आणि ते खरंही असतं.

सुपर मारिओ ब्रदर्स वंडर (२०२३) मध्येही योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतलं तर शत्रूला धडकून इजा होत नाही. खड्ड्यात पडलं तर मात्र जीव जातो. लहानग्यांसाठी एवढीच जोखीम पुरेशी.

रेवा७

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक धोक्याची सूचना जोडते. स्विच लाइट घेऊ नका. दुकानात तो छोटा, हलका, रंगीत असतो, त्यामुळे मुलांसाठी हाच असं वाटतं. पण लाइट टीव्हीला जोडताच येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. साडेपाच इंची पडदा, एकाच्या हातात. म्हणजे तुम्ही फोन काढून घेतला आणि दुसरा फोन दिला. एकुलत्या एका मोठ्या मुलाला प्रवासात ठीक आहे. भावंडांच्या घरात नाही.

अनामिक_बाबा

मी शर्वरींच्या नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण एक्सबॉक्सची एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत आहे. २०१७ पासून त्यात कोपायलट नावाची सोय आहे. दोन कंट्रोलर जोडायचे आणि दोन्ही मिळून एकच खेळाडू चालवायचा.

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही हे सुरू केलं. त्याच्या हातात एक कंट्रोलर, माझ्या हातात दुसरा, पडद्यावर पात्र एकच. त्याने उडी मारायची आणि चालायचं. कॅमेरा फिरवायचं काम माझं, कारण त्या वयात दोन अंगठे दोन वेगळी कामं करत नाहीत. एकदा एका अरुंद पुलावर तो थांबला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘बाबा, इथे तुम्ही.’ मी पूल ओलांडला. पुढच्या वेळी त्याच पुलावर त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘थांबा, मी.’ तो दोनदा पडला, तिसऱ्यांदा गेला. ते बघायला मिळालं यासाठी मी त्या खोक्याचा ऋणी आहे.

बाकी व्यवहाराचं: एक्सबॉक्सचा सिरीज एस हा छोटा कन्सोल आहे, डिस्क ड्राइव्ह नाही, पहिल्या मॉडेलमध्ये ५१२ जीबी जागा, त्यातली गेमसाठी साधारण ३६४ जीबी. गेम पास हे सबस्क्रिप्शन घेतलं की भरपूर गेम चाळून बघता येतात. मुलांची आवड दर पंधरा दिवसांनी बदलते, त्यांच्यासाठी हे सोयीचं. कंट्रोलर एए सेलवर चालतो, तेव्हा चार्ज होणाऱ्या सेलची जोडी घरात ठेवा.

जुना_खेळाडू

@अनामिक_बाबा, फार सुंदर लिहिलंत. प्लेस्टेशन ५ लाही २०२३ पासून अशीच सोय आहे, तिथे दुसरा ड्युअलसेन्स सहायक म्हणून जोडता येतो. ज्यांच्याकडे आधीच यातला एखादा कन्सोल आहे त्यांनी धाकट्यासाठी नवीन काही आणण्याआधी हे करून बघावं.

शर्वरी_क

किती मनापासून लिहिताय सगळे! स्विच लाइटच माझ्या मनात होता, रेवाताई, वाचवलंत. आता एक विचारते. वेळेचं काय करता? धाकटीला किती वेळ द्यावा? आणि वेळ संपली की बंद कसं करायचं? फोन काढून घेताना रोज रामायण होतं.

बालवाडीच्या_बाई

मी गेली अनेक वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं असं सांगितलंय. या तासात टीव्हीवरची कार्टूनंही आली. म्हणजे धाकटीच्या वाट्याला गेम फार तर वीस मिनिटं येतील, आणि रोज हवाच असंही नाही.

पण माझ्या मते खरी मेख किती वेळ यात नसून कुठे थांबायचं यात आहे. मूल तंद्रीत असतं. घड्याळात सहा वाजले म्हणून तुम्ही पडदा काळा केलात, तेव्हा ते कदाचित शेवटच्या उडीवर असतं. त्याचं रडणं तुम्हाला हट्ट वाटतो, त्याच्या दृष्टीने हातातलं काम मोडलेलं असतं. वाळूचा किल्ला बांधणाऱ्या मुलाचा किल्ला आपण लाथेने पाडत नाही. म्हणून मिनिटं सांगू नका, खेळाच्या मापात सांगा. दोन शर्यती, किंवा ही लेव्हल. चार वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. दोन शर्यती कळतात, बोटांवर मोजता येतात.

निन्टेन्डोचं पालकांसाठी फोनवर ॲप आहे. त्यात वेळेची मर्यादा घातली की दोन पर्याय मिळतात. एक, वेळ संपल्याची सूचना पडद्यावर येते पण गेम चालू राहतो. दुसरा, गेम तिथल्या तिथे थांबतो. पहिल्यांदा सूचनेवरच ठेवा आणि तुम्ही शेजारी बसा. दुसरा पर्याय विश्वास मोडल्यावर.

आणि मोठ्यालाही तासाला दहा-पंधरा मिनिटं उठू द्या. कन्सोलच्या सुरक्षा सूचनांमध्येच हे लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. घरात कोणाला फीट येण्याचा इतिहास असेल तर लुकलुकणाऱ्या चित्रांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, हे कळकळीने सांगते.

दोन_पिलांची_आई

बाईंच्या प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रिजवर लावावी.

पुरवणी: स्विचच्या ॲपमधली रोजची मर्यादा अख्ख्या कन्सोलला लागते, प्रत्येक मुलाला वेगळी नाही. थोरल्याने पाऊण तास खाल्ला की धाकटीच्या वाट्याला उरलेलं. हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर प्रत्येक मुलाचं वेगळं अकाउंट आणि त्याची वेगळी मर्यादा ठेवता येते, या बाबतीत ते दोन्ही पुढे आहेत. प्लेस्टेशनवर मुलाच्या अकाउंटची खर्चाची मर्यादा तर सुरुवातीला शून्यच असते, तुम्ही वाढवली तरच वाढते.

आणखी एक, ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स घ्यायचा विचार असेल तर: बेटावर घर वसवायचा गोड, शांत, घाई नसलेला गेम आहे, पण एका कन्सोलवर बेट एकच असतं. दुसरं मूल त्याच बेटावर राहायला येतं, आणि बेटाचे मोठे निर्णय ज्याने आधी सुरू केलं त्याच्याकडे. म्हणून पहिल्यांदा कोण सुरू करणार हे गेम उघडायच्या आधी ठरवा. माझ्या मते धाकट्याने. थोरल्याला बाकी सगळं आधी मिळतच असतं.

हिशेबी

मी फक्त खर्चाबद्दल लिहितो, कारण लोक कन्सोलची किंमत बघतात आणि पुढच्या तीन वर्षांचा खर्च विसरतात.

डिस्क किंवा कार्डवरचा गेम विकता येतो, मित्राला देता येतो, मित्राकडून आणता येतो. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. मुलं वाढतात, आज आवडणारा गेम दोन वर्षांनी कपाटात पडतो, म्हणून मुलांच्या घरात हा फरक मोठा. एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती यांना डिस्क ड्राइव्ह नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आलेल्या बारीक अंगाच्या डिजिटल प्लेस्टेशनला मात्र ड्राइव्ह नंतर जोडता येतो.

स्विच २ जून २०२५ मध्ये आला. ७.९ इंची पडदा, २५६ जीबी जागा, आणि जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात. दोन गोष्टी बघून घ्या. त्याला जागा वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, घरातलं जुनं मेमरी कार्ड गेमसाठी चालत नाही. आणि त्याचे काही गेम गेम-की कार्डवर येतात, म्हणजे कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते, गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं. कार्ड विकता येतं, पण इंटरनेट संथ असेल तर वाढदिवसाच्या दिवशी मुलं डाउनलोडची पट्टी बघत बसतील.

हातात धरून खेळणार असतील तर वजनही बघा. जॉय-कॉनसकट जुना स्विच ३९८ ग्रॅम, स्विच २ जवळपास ५३४. तुमच्या मुलांच्या वयाला जुना स्विच पुरे. पुढे स्विच २ घेतलात तरी गेम वाया जात नाहीत, आणि जुने जॉय-कॉन त्याला वायरलेस जोडता येतात.

निळी_छत्री

खर्चावरून आठवलं, आमच्याकडे जे झालं ते सांगते, कारण कोणी सांगितलं असतं तर टळलं असतं. फुकट मिळणारा एक गेम होता. नाव घेत नाही. माझं कार्ड खात्याला जोडलेलं, पासवर्ड विचारायची सोय बंद. सहा वर्षांच्या मुलीने पात्राला कपडे घेतले, एकामागून एक. तिला ते पैसे आहेत हेच माहीत नव्हतं, तिच्यासाठी ती रंगीत नाणी होती. बिल आलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं, तिची काहीच चूक नव्हती.

हे फक्त आमच्या घरात होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फोर्टनाइट या गेमच्या कंपनीबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते, उरलेले २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या नियमभंगासाठी.

म्हणून कन्सोल आणल्यावर पहिलं काम: मुलांची अकाउंट मुलांची म्हणूनच उघडा, खरं वय घाला, आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड ठेवा. वय खोटं घातलं की सगळी कुंपणं आपोआप उघडी पडतात.

बालवाडीच्या_बाई

@निळी_छत्री, तुम्ही आज हे लिहिलंत, यातच तिला न्याय मिळाला.

खोक्यावरच्या वयाच्या आकड्याबद्दलही सांगून टाकते. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात, अमेरिकेतल्या ईएसआरबीमध्ये ई, टी, एम अशी अक्षरं. हे आकडे मजकूर त्या वयाला योग्य आहे का एवढंच सांगतात, त्या वयाच्या मुलाला गेम खेळता येईल असं नाही. पेगी ३ लिहिलेला गेम तीन वर्षांच्या मुलाला अजिबात न जमणारा असू शकतो. गेममध्ये खरेदी असेल तर त्याची खूणही शेजारी असते. आकडा आणि खूण, दोन्ही बघा.

सोनचाफा_६८

मी आजी आहे, वय ६८. सुनेने हा धागा दाखवला म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे स्विच स्पोर्ट्स हा गेम आहे. त्यातलं बोलिंग मी खेळते. जॉय-कॉन हातात उभा धरायचा, बटण दाबून हात मागे न्यायचा आणि चेंडू सोडल्यासारखा पुढे आणायचा. पहिल्या दिवशी नातवाने माझ्या मनगटात पट्टा घातला, ओढून घट्ट केला, आणि सांगितलं, ‘आजी, पट्ट्याशिवाय खेळायचं नाही, नाहीतर टीव्ही फुटेल.’ मग माझ्या मागे उभा राहून माझं कोपर धरलं आणि हात कसा सरळ ठेवायचा ते दाखवलं. इतकी वर्षं त्याला पेन्सिल धरायला, बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं. त्या दिवशी त्याने मला शिकवलं. बोलताना त्याचा आवाज मी शिकवताना असायचा तसाच होता, हळू आणि न कंटाळणारा.

शर्वरी, तुझ्या सासूबाईंना खेळायला बसव. त्या नाही म्हणतील. मुलांकडून विचार.

स्पष्टवक्ता

वेगळं मत मांडतो, राग नसावा. चार वर्षांच्या मुलीला कन्सोल हवाच कशाला? ठोकळे, पत्ते, मातीत खेळणं, हे सगळं आहे की. सहा-सात वर्षांची झाली की बघा.

जुना_खेळाडू

राग कसला, बरोबरच आहे तुमचं. घरात पडद्यावरचं काहीच नसेल तर चौथ्या वर्षी मुद्दाम आणू नये, हे मीही सांगेन. पण शर्वरीताईंच्या घरी पडदा आधीच आहे आणि तो एकट्याच्या हातात आहे. फोनवरचे फुकट गेम बहुतेकदा संपतच नाहीत, कारण ते न संपण्यासाठीच बांधलेले असतात. विकत घेतलेल्या चांगल्या गेमला लेव्हल असते, शर्यतीला शेवट असतो. थांबायची जागा असलेला खेळ आणि शेजारी बसलेलं माणूस, एवढा बदल झाला तरी मी समाधानी.

स्क्रूड्रायव्हर

कंट्रोलरची निगा कोणी लिहिली नाही. हात न लावता पात्र आपोआप सरकू लागलं तर त्याला ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या दांड्याखाली कार्बनच्या पट्टीवर घासणारा छोटा संपर्क असतो. पट्टी झिजली किंवा धूळ गेली की चुकीचा संकेत जातो. हे कुठल्याही कंपनीच्या कंट्रोलरला होऊ शकतं. चिकट हाताने खेळू देऊ नका, वापरून झालं की झाकून ठेवा. हॉल इफेक्टचे कंट्रोलर मिळतात, त्यात चुंबकाने मोजमाप होतं, घासणारं काही नसतं. दुसरी जोडी घेताना त्यांचा विचार करा.

धाकटी वस्तू तोंडात घालते का? स्विचच्या गेम कार्डांना मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो, मूल थुंकून टाकावं म्हणून. तरीही वस्तू लहान आहे, हाताशी ठेवू नका.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.

शर्वरी_क

सगळ्यांचे आभार. जुन्या पिढीचा स्विच, सात इंची ओलेड पडद्याचा, आणि मारिओ कार्टचं कार्ड, असं ठरवलं. मुलाशी बसून बोललो. प्लेस्टेशनचा विचार तो बारा वर्षांचा झाला की पुन्हा करायचा, हे त्याने कागदावर लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

शर्वरी_क (सहा आठवड्यांनंतर)

कसं चाललंय ते सांगायला आले. पहिला आठवडा कठीण गेला. थोरला सारखा जिंकायचा, धाकटी जॉय-कॉन टाकून निघून जायची. मग आम्ही बाईंचं माप धरलं. एक कप म्हणजे चार शर्यती, दिवसाला एकच कप, आणि कप धाकटीने निवडायचा. ती दर वेळी तोच कप निवडते. आता तिला वळणं पाठ झाली आहेत.

कप संपला की बक्षीस समारंभ दिसतो. तो बघून झाला की ती स्वतः उठून जॉय-कॉन कन्सोलच्या बाजूला सरकवून बसवते. खट् आवाज आला की खेळ संपला, असं तिने ठरवून टाकलंय. थोरला कधी कधी अजून एक मागतो. नाही म्हटलं की कुरकुरतो, पण रामायण होत नाही.

सोनचाफाताई, सासूबाई खरंच नाही म्हणाल्या होत्या. धाकटीने त्यांच्या हातात जॉय-कॉन दिला आणि थोरल्याने न सांगता त्यांच्या गाडीला अँटेना लावून ठेवली. परवा त्या सातव्या आल्या, मी अकरावी.

आता प्रश्न असा की रविवारी भाचा आणि भाची येणार आहेत. चार मुलं, दोन जॉय-कॉन. वेगळे मोठे कंट्रोलर घ्यावेत का?

जुना_खेळाडू

जॉय-कॉनची आणखी एक जोडी घ्या, एका जोडीतून दोन खेळाडू होतात. मारिओ कार्टमध्ये एका टीव्हीवर चौघं खेळू शकतात, पडद्याचे चार भाग होतात. आदल्या रात्री नवी जोडी कन्सोलच्या बाजूला सरकवून चार्ज करून ठेवा, म्हणजे ओळखही तिथेच पटते. आणि मनगटाच्या पट्ट्या खोक्यातच राहू देऊ नका. आडवा धरताना पट्टीवरची मोठी बटणं लहान बोटांना सोपी जातात.

शर्वरी_क

आजच सांगते घ्यायला. पट्ट्या अजून खोक्यातच होत्या, काढल्या.